अमेरिकन डिटेक्टिव्ह जपानमध्ये बेड्या घालू शकतो का?

वर्षानुवर्षं फिरणारा समज असा: अमेरिकन पोलिसाचा बिल्ला जगभर चालतो, टोक्योत उतरूनही तो आरोपीला पकडून नेऊ शकतो.

थरारपट पाहून असं वाटणं साहजिक आहे. पण पोलिसाला अधिकार देतो तो त्याच्या देशाचा कायदा, आणि तो सरहद्दीपाशी थांबतो. न्यूयॉर्कचा डिटेक्टिव्ह ओसाकात उतरला की कायद्यापुढे तो परदेशी पाहुणा. पिस्तुलाचं तर विचारूच नका. जपानचा शस्त्रास्त्र कायदा 1958 पासूनचा आणि भलताच कडक. कमरेला पिस्तूल लावून शहरभर हिंडणं पडद्यावरच शोभतं.

मग आरोपी सापडतो कसा? दोन्ही देशांत 1978 साली प्रत्यार्पण करार झाला, 1980 पासून तो लागू आहे. अमेरिकेने रीतसर मागणी करायची, अटक जपानी पोलिसांनी करायची, ताबा द्यावा की नाही हे आधी जपानी न्यायालयाने तपासायचं. आरोपी जपानी नागरिक असेल तर त्याला सोपवण्याचं बंधनही जपानवर नाही. ठरवलं तर मात्र सोपवता येतं. म्हणजे पाठलाग कमी, कागदपत्रं जास्त!

गोंधळाला एक कारण असावं. जपानमध्ये अमेरिकन लष्करी तळ आहेत आणि तिथे अमेरिकेचे लष्करी पोलीस खरंच काम करतात. पण ते 1960 च्या वेगळ्या करारानुसार.

पडताळायचं असेल तर प्रत्यार्पण कराराचा मजकूर इंटरनेटवर खुला आहे. नागरिकांविषयीचं पाचवं कलम आधी वाचा.