ग्रँट फक्त माणसं मारूनच जिंकला?

‘ग्रँटकडे डोकं नव्हतं, नुसती माणसं होती, ती तोफेच्या तोंडी देऊन जिंकला.’ अमेरिकन यादवी युद्धातल्या उत्तरेच्या जनरल युलिसिस ग्रँटबद्दलचं हे पालुपद दीडशे वर्षं चालू आहे. हरलेल्या दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली, त्याच्या भक्तांनी ते हौसेनं जोपासलं.

पुरावा म्हणून हमखास व्हर्जिनियातली कोल्ड हार्बरची लढाई पुढे केली जाते, जिथे ग्रँटची हजारो माणसं पडली. ३ जून १८६४ चा तो हल्ला चूकच होती. ग्रँटनं आत्मचरित्रात त्याची खंत स्वतः लिहून ठेवलीय.

पण मग व्हिक्सबर्गचं, मिसिसिपी नदीकाठच्या दक्षिणेच्या तटबंद शहराचं, काय? १८६३ च्या एप्रिलात त्यानं रात्रीच्या अंधारात, किल्ल्यावरच्या तोफांच्या माऱ्यातून बोटी खाली काढल्या आणि शहराच्या दक्षिणेला मिसिसिपी ओलांडली. धान्य, जनावरं बरीचशी वाटेतल्या मुलखातूनच उचलली. शहरावर थेट चालून न जाता आधी पूर्वेचं जॅक्सन घेतलं, म्हणजे मदतीची वाट बंद. मग उलटा वळून चॅम्पियन हिलवर व्हिक्सबर्ग राखणाऱ्या जनरल पेंबर्टनला झोडपलं. तीन आठवड्यांच्या आत पाच लढाया, पाचही जिंकल्या! पुढे तटबंदीवरचे दोन हल्ले फसले, तेव्हा त्यानं मुकाट वेढा घातला. ४ जुलैला सुमारे २९ हजारांची फौज शरण आली. बिनडोक माणसाची ही चाल नव्हे.

आकडेच हवेत? सैन्याच्या प्रमाणात मोजलं तर लीची हानी ग्रँटपेक्षा जास्त भरते. गेटिसबर्गच्या लढाईत लीनं साडेबारा हजारांच्या आसपास माणसं उघड्या मैदानातून पुढे धाडली. निम्मी गारद झाली. त्याला मात्र ग्रँटसारखं कुणी खाटीक म्हणत नाही.