फेडिंग (बिनतारी संदेशवहन)

मनोऱ्यावरून निघालेली रेडिओलहर मोबाइलपर्यंत एकाच वाटेने येत नाही. डोंगरकड्यांवर, भिंतींवर, पत्र्यांवर ती आपटते, फांद्यांत विखुरते आणि तिच्या अनेक प्रती मागेपुढे पोहोचतात. त्या एकमेकींना पूरक ठरल्या तर संदेश बळावतो, विरोधी ठरल्या तर जवळजवळ मावळतो. या चढउताराला फेडिंग म्हणतात.

९०० मेगाहर्ट्झला तरंगलांबी सुमारे ३३ सेंटिमीटर असते, म्हणून वीतभर अंतरातही संदेश पडतो आणि पुन्हा उभा राहतो. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीकडे अंगणात पावलापावलाने सरकत ‘रेंज’ शोधतात, त्याला असा शास्त्रीय आधार आहे. डोंगर आड आल्याने पडणारी छाया मात्र निराळी. ती लांबवर पसरते. तिच्यातून सुटायला टेकाडच गाठावे लागते.

पाऊस लागला की रेंज जाते, या अनुभवाचे कारण बहुधा चुकीचे सांगितले जाते. मोबाइलच्या नेहमीच्या कंप्रतांवर, म्हणजे ७०० ते ३५०० मेगाहर्ट्झमध्ये, थेंबांमुळे होणारी घट नगण्य असते. भिजलेली दाट पाने लहर शोषतात हे खरे. पण मोठा फटका बसतो तो मनोरे एकमेकांना जोडणाऱ्या, १० गिगाहर्ट्झहून वरच्या मायक्रोवेव्ह दुव्यांना. शिवाय वीज गेली की मनोराच बंद पडू शकतो.

उशिरा आलेली प्रत पुढच्या चिन्हात, म्हणजे माहितीच्या पुढच्या तुकड्यात, मिसळते, हा आणखी एक उपद्रव. फोर-जीमध्ये ओएफडीएम पद्धतीने माहिती १५ किलोहर्ट्झ अंतरावरच्या असंख्य उपवाहकांवर, म्हणजे शेजारशेजारच्या अरुंद लहरींवर, वाटतात आणि प्रत्येक चिन्हाआधी सुमारे ४.७ मायक्रोसेकंदांची राखीव फट ठेवतात. तेवढ्यात लहर सुमारे १.४ किलोमीटर जाते. वाटांमधला फरक याहून कमी असेल तोवर चिन्हे सुरक्षित राहतात. समोरच्या दूरच्या डोंगरावरून परतलेली लहर ही मर्यादा ओलांडू शकते.

या विषयातली सर्वांत सुंदर कल्पना १९९० च्या दशकात पुढे आली. जेरार्ड फोशिनी आणि एम्रे तेलातार या संशोधकांनी दाखवले, की दोन्ही टोकांना अनेक अँटेना असतील तर वेगवेगळ्या वाटांवरून एकाच कंप्रतेवर स्वतंत्र माहितीप्रवाह नेता येतात. हेच मायमो तंत्र. ज्या परावर्तनांना अभियंते वर्षानुवर्षे शत्रू मानत, त्यांनाच त्याने कामाला लावले. त्यामुळे पुरेशी शक्ती मिळत असेल, तर बेळगावच्या खडे बाजार, गणपत गल्लीसारख्या दाट वस्तीत मायमोला हवी ती विविधता आयती मिळते. पूर्वेकडच्या उघड्या माळावर मनोरा समोर दिसत असला, तरी एकच थेट वाट वरचढ ठरते आणि दोनाहून अधिक प्रवाह वेगळे काढणे अवघड जाते.