शाळेचा दाखला नाही म्हणून दहावी अडत नाही

घरी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांना हमखास ऐकवलं जातं, "केक करणं, गोष्टींची पुस्तकं, सहली ठीक आहे हो, पण दहावीला बसवणार कसं?" शाळा सोडल्याच्या दाखल्याशिवाय बोर्डाची परीक्षा देता येत नाही, हा समज चुकीचा आहे.

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, हे केंद्र सरकारचं बोर्ड आहे. इथे दहावीला वय किमान १४ लागतं. आठवीचा दाखला नसेल तर स्वयंघोषणापत्र चालतं. विषय किमान पाच, त्यात एक तरी भाषा. मराठीही घेता येते. नोंदणी ५ वर्षं टिकते आणि तेवढ्या काळात ९ संधी मिळतात. त्यामुळे सगळे विषय एका दमात देण्याची सक्ती नाही.

घोळ होतो तो विषय निवडताना. सोपं पडावं म्हणून गणित-विज्ञान वगळलं की अकरावी सायन्सला अडचण येते. गृहविज्ञान घेतलं तर स्वयंपाकघरातला सराव कामी येतो, पण प्रात्यक्षिकात वेगळं पास व्हावं लागतं, हे बरेचजण विसरतात. आणि अर्ज भरण्याआधी जन्मदाखला आणि आधारवरचं नाव अक्षरशः जुळवून घ्या.