पन्नास फुटांवरचा नारळ

श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही आगरात जा, नवख्या माणसाला पहिली ताकीद एकच मिळते: माडाखाली उभा राहू नको. ही ताकीद किती रास्त आहे, ते शाळेतल्या दोन सूत्रांनी काढता येतं.

बाणवली जातीचा जुना माड सहज १५ मीटर, म्हणजे पन्नासेक फूट वाढतो. सोडणासकट, म्हणजे वरच्या तंतुमय सालीसकट, नारळ दीड किलोचा धरू. वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार म्हणजे स्थितिज ऊर्जा: १.५ × ९.८ × १५ = २२०.५ ज्यूल. देठाला स्वस्थ लटकलेल्या नारळाच्या खात्यात ही ऊर्जा जमाच असते. देठ सुटला की ती गतिज ऊर्जेत बदलू लागते. हवेचा विरोध तूर्त सोडून देऊ. मग दोन्हींची बेरीज, म्हणजेच यांत्रिक ऊर्जा, वाटेत कुठेही मोजा, तेवढीच भरते. साडेसात मीटरवर दोन्ही वाटे सारखे, ११०.२५.

पण निम्मी उंची म्हणजे निम्मा वेळ नव्हे. पूर्ण पडायला साधारण १.७५ सेकंद लागतात. त्यातल्या निम्म्या वेळात नारळ जेमतेम पावणेचार मीटर खाली आलेला असतो आणि पाव ऊर्जाच गतीत उतरलेली असते. उरलेली पाऊण ऊर्जा उरलेल्या निम्म्या वेळात. वर सळसळ ऐकून मान वर करणाऱ्याला बाजूला व्हायला सवड मिळत नाही, ती यामुळे.

जमिनीशी वेग किती? गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराची निम्मी: २२०.५ = ½ × १.५ × वेगाचा वर्ग. उत्तर येतं सेकंदाला १७ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ६२ किलोमीटर. यात वस्तुमान दोन्ही बाजूंनी उडून जातं, त्यामुळे शेजारच्या पोफळीवरून तेवढ्याच उंचीवरून सुटलेलं सुपारीचं फळही याच वेगाने यायला हवं. फक्त ते ५० ग्रॅमचं असेल तर त्याची ऊर्जा ७ ज्यूलच्या आसपास. डोक्याला हा फरक लगेच कळतो.

आघात वेगाच्या पटीत मोजायचा की वेगाच्या वर्गाच्या, यावर युरोपात मोठा वाद होता. १७२० च्या दशकात डच शास्त्रज्ञ विलेम ग्रावेसांडे याने पितळी गोळे मऊ मातीत टाकून पाहिले. वेग दुप्पट, तर खड्डा चौपट. फ्रान्समध्ये गणितज्ञ एमिली द्यु शातले हिने हा निष्कर्ष उचलून धरला. मात्र वेग दुप्पट करायला उंची चौपट लागते. म्हणून दुप्पट उंच माडावरच्या नारळाची ऊर्जा दुप्पटच होते, आणि वेग वाढतो तो १.४ पट.

आता हवा. एवढा गोल, सोडणामुळे फुगलेला नारळ हवेला चांगलाच अडतो. माझ्या ढोबळ हिशेबाने दहावा हिस्सा ऊर्जा हवाच खाते, म्हणजे उरतात २०० ज्यूल. ती कुठे खर्ची पडते यावर सगळं ठरतं. पुळणीत, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, नारळ पाच सेंटिमीटर रुतून थांबला तर ऊर्जा भागिले अंतर, म्हणजे सरासरी बल, ४,००० न्यूटन, साधारण ४०० किलोच्या वजनाइतकं. जांभ्याच्या पायरीवर सोडण दबून एका सेंटिमीटरात थांबला, तर २०,००० न्यूटन, दोन टनांचा भार. आतला नारळ शाबूत राहतो तो त्या सोडणाच्या कृपेने.

शहाळ्यांचं तसं नाही, ती फुटतात. म्हणून पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ काढणारा, त्यांचा घड दोराने उतरवतो. २० किलोचा घड १५ मीटर खाली आला, तर २,९४० ज्यूल जायला हव्यात. पण घड जमिनीवर अलगद टेकतो, गतिज ऊर्जा जवळपास शून्य. इथे यांत्रिक ऊर्जेची बेरीज मुद्दाम मोडलेली असते. सगळी ऊर्जा दोराच्या घर्षणातून उष्णता होऊन जाते. दोर नुसता हातातून सोडला, तर ही उष्णता तळव्यांची साल काढते. झावळीच्या देठाला एक वेढा दिला की त्यातला बराचसा वाटा देठ सोसतो.