बेळगाव भागात मॉडेल विमानांचा क्लब काढताना: कागद नेमके कुठे अडतात

रेडिओ कंट्रोलवर विमानं उडवणारे सात-आठ जण एकत्र आले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘परवानगी कोण देतं?’ सगळ्याची मिळून एकच परवानगी मिळेल, असं खातं अस्तित्वातच नाही. संस्थेची नोंद जिल्हा निबंधकांकडे होते, विमानाची नोंद नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या पोर्टलवर, जमिनीचा विषय महसूल खात्याचा, आणि मैदानावर विचारणा करायला येतात ते पोलीस. प्रत्येक ठिकाणी आधी दुसरीकडचा कागद मागतात, आणि माणसं चकरा मारून थकतात. परत आलेले अर्ज पाहिले तर कारणं बहुतेक तीनच निघतात: विमानतळापासूनचं अंतर चुकीचं मोजलेलं, उताऱ्यावरचं नाव न जुळणारं, आणि विमानाचं वजन अंदाजाने लिहिलेलं. म्हणून फॉर्म भरायच्या आधी या तीन गोष्टी उरकून घ्या.

अंतर

ड्रोन नियम २०२१ मॉडेल विमानांनाही लागू आहेत. ‘आमचं ड्रोन नाही, विमान आहे’ हे उत्तर कुठेच चालत नाही. बेळगावच्या सांबरा विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरपर्यंतचा भाग जमिनीपासूनच यलो झोनमध्ये येतो, म्हणजे तिथे हवाई वाहतूक नियंत्रणाच्या परवानगीशिवाय विमान उचलायचंच नाही. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे ६० मीटरपर्यंत ग्रीन झोन असतो. १२ किलोमीटरच्या पलीकडे तीच मर्यादा ४०० फूट, सुमारे १२० मीटर. उंची जमिनीपासून मोजायची. ग्रीन झोनमध्ये त्या मर्यादेच्या आत पूर्वपरवानगी लागत नाही.

गफलत होते ती मोजण्यात. अंतर विमानतळाच्या कुंपणापासून आणि सरळ रेषेत धरायचं असतं. टर्मिनलच्या दारापासून धरायचं नाही आणि मोबाईल दाखवतो ते रस्त्याचं अंतर तर मुळीच नाही. रस्त्याने १४ किलोमीटर भरणारं शेत सरळ रेषेत ९ किलोमीटरवर निघू शकतं. बेळगाव शहराचा बराचसा भाग या १२ किलोमीटरच्या आतच आहे. सांबरा, मुतगे, बाळेकुंद्री या बाजूला मोकळी शिवारं दिसतात म्हणून मोह होतो, पण ती जागा सोडून द्या. ‘डिजिटल स्काय’ या सरकारी पोर्टलच्या नकाशावर शेताचे अक्षांश-रेखांश टाकून बघा, पानाची छापील प्रत काढा आणि फाइलच्या पहिल्या पानावर लावा. नकाशावर लाल रंग दिसला तर विषय संपला. रेड झोनमध्ये फक्त केंद्र सरकारच परवानगी देऊ शकतं. कॅम्प आणि लष्करी हद्दीच्या आसपास जागा शोधण्यात दिवस घालवू नका.

आणखी एक कळकळीचं सांगणं. नवशिक्यांना शिकवायचं असेल तर ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यातली जागा घेऊ नका. विमान हातातून जायला लागलं की नवखा माणूस घाबरून रिमोटची काठी मागे ओढतो, आणि ६० मीटर कधी ओलांडले ते त्याला कळतही नाही. खानापूर, निपाणी, चिकोडीकडची जागा लांब पडली तरी तीच बरी. खानापूर तालुक्यात मात्र भीमगड अभयारण्याच्या बाजूला जाऊ नका. तिथे वन खात्याचे नियम वेगळे लागतात.

हिरवा झोनही कायमचा हिरवा नसतो. पोलीस अधीक्षक किंवा त्याच दर्जाचे अधिकारी एखादा भाग ९६ तासांपर्यंत तात्पुरता रेड झोन जाहीर करू शकतात. सुवर्ण विधानसौधात अधिवेशन असलं किंवा मोठ्या नेत्याचा दौरा असला की याची आठवण ठेवा. दर वेळी उडवण्याआधी नकाशा पाहणं ही नियमाचीच अट आहे.

उतारा

सगळ्यात जास्त अर्ज इथे अडतात. जागा मिळते, शेतकरी मनापासून ‘उडवा की’ म्हणतो, आणि मग उतारा काढला की त्यावर त्याच्या आजोबांचं नाव निघतं. आरटीसीच्या, म्हणजे आपल्याकडच्या उताऱ्याच्या, ९ नंबरच्या रकान्यात मालकाचं नाव असतं आणि ११ नंबरमध्ये कर्ज-बोजा. ९ मध्ये पाच भावांची नावं असतील तर पाचही जणांची सही लागते. एक भाऊ पुण्यात, एक गोव्यात, म्हणून थोरल्याने एकट्याने सही केली, तर उद्या उरलेल्यांपैकी कुणीही आक्षेप घेऊ शकतो. मयताचं नाव तसंच राहिलं असेल तर आधी वारसा नोंद करून घ्यावी लागते, आणि त्याला महिने जातात. म्हणून जागा आवडली की मैदान साफ करण्याआधी ताजा उतारा काढा.

दुसरी चूक याहून महागात पडते. क्लबची मंडळी उत्साहाने ११ महिन्यांचा भाडेकरार करतात. कर्नाटक भूसुधारणा कायदा १९६१ च्या कलम ५ प्रमाणे शेतजमीन भाड्याने किंवा खंडाने देण्यास बंदी आहे. असा करार कार्यालयात दाखवला की तुमच्याच हाताने तुमचा अर्ज बाद होतो, आणि शेतकऱ्याच्या मनात कूळ लागण्याची भीती बसते ती वेगळीच. ही भीती खोटी नाही. आपल्याकडच्या प्रत्येक घराला कुळकायद्याची आठवण आहे. त्यापेक्षा साधं संमतीपत्र घ्या: पीक निघाल्यानंतर ते पुढच्या पेरणीपर्यंत, ठरावीक वारी, ठरावीक वेळेत, कोणतंही भाडं न घेता खेळासाठी वापर, ताबा मालकाचाच, आणि मालक कधीही परवानगी मागे घेऊ शकतो. गट किंवा सर्व्हे नंबर, हद्दी आणि सगळ्या नावांच्या सह्या त्यावर हव्यात. शेतकऱ्याला ते वाचून दाखवा, घाईने अंगठा घेऊ नका.

मुरूम टाकून पक्की पट्टी करणं, पत्र्याची शेड उभी करणं हे शेतीबाह्य वापरात मोडतं आणि त्याला महसूल कायद्याच्या कलम ९५ खाली रूपांतर लागतं. दोन किलोच्या आतल्या विमानांना तशी गरजच नाही. १०० मीटर लांब, १० मीटर रुंद गवत कापलेली किंवा रूळ फिरवलेली पट्टी पुरते. पट्टी पूर्व-पश्चिम ठेवा, कारण आपल्याकडे वारा बहुतेक काळ त्याच दिशेने वाहतो, आणि उडवणाऱ्यांनी पट्टीच्या दक्षिणेला उत्तरेकडे तोंड करून उभं राहावं, म्हणजे सूर्य डोळ्यांत येत नाही.

गायरानाबद्दल बजावून सांगावंसं वाटतं. ग्रामपंचायतीने ठराव करून दिला म्हणून गायरान तुमचं होत नाही. ती सरकारी जमीन आहे, आणि तहसीलदारांपर्यंत विषय गेला की पंचायतीचा ठराव उपयोगी पडत नाही. शाळा-कॉलेजचं स्वतःच्या मालकीचं मैदान असेल तर संस्थेच्या लेटरहेडवरचं संमतीपत्र हा सर्वांत सोपा मार्ग आहे.

मैदान शिनोळीसारखं सीमेपलीकडे चंदगड तालुक्यात असेल तर ड्रोन नियम केंद्राचे असल्याने तेच राहतात. पण उतारा महाराष्ट्राचा, म्हणजे सातबारा लागतो आणि पत्र चंदगड पोलिसांकडे जातं. बेळगावच्या ठाण्याची पोच तिथे दाखवून उपयोग नाही.

वजन आणि नोंदणी

मॉडेल विमान म्हणजे उड्डाणाच्या वेळचं एकूण वजन २५ किलोपर्यंत, वापर शिक्षण, संशोधन, चाचणी किंवा विरंगुळ्यासाठीच, आणि विमान सतत डोळ्यांना दिसणारं. या तीन अटींत बसलात तर टाइप सर्टिफिकेट, म्हणजे विमानाचा नमुना तपासून मान्य केल्याचा दाखला, लागत नाही. डोळ्यांना व्हिडिओचा चष्मा लावून कॅमेऱ्यातून लांबवर उडवलं, किंवा लग्नाचं शूटिंग पैसे घेऊन केलं, की ही सवलत गेली.

सवलत टाइप सर्टिफिकेटची आहे, नोंदणीची नाही. प्रत्येक विमानाचा युआयएन, म्हणजे स्वतंत्र नोंदणी क्रमांक, घ्यायचा, फी १०० रुपये. ‘मॉडेलला सूट आहे’ असं अर्धवट ऐकून लोक युआयएन न घेता उडवतात. ड्रोन नियम मोडल्याचा दंड एक लाख रुपयांपर्यंत जातो.

वजनाची खरी मर्यादा २ किलोची आहे. २५० ग्रॅमपर्यंतचं नॅनो, त्यावर २ किलोपर्यंत मायक्रो, त्यावर २५ किलोपर्यंत स्मॉल. नॅनोला, आणि बिनव्यावसायिक मायक्रोला, रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही. २ किलो ओलांडले की लागतं, आणि त्यासाठी वय १८ ते ६५, दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेतलं प्रशिक्षण. शाळकरी मुलं असलेल्या क्लबने २ किलोच्या आतच राहावं.

इथे पेटीवरचा आकडा फसवतो. त्यावर बहुतेक वेळा बॅटरीशिवायचं वजन छापलेलं असतं. पंखांचा पसारा १.४ मीटर असलेलं फोमचं ट्रेनर, म्हणजे शिकाऊ विमान, तीन सेलच्या २२०० एमएएच बॅटरीसह साधारण सव्वा किलोच्या आसपास भरतं, काळजी नाही. पण इंधनावर चालणाऱ्या जुन्या ४० आकाराच्या ग्लो इंजिनाचं, बाल्सा लाकडाचं ट्रेनर इंधनाची टाकी भरून काट्यावर ठेवलं की अडीच किलोकडे जातं. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. बॅटरी, प्रॉपेलर, चाकं, सगळं लावून वजन करा, आकडा दिसेल असा फोटो काढा.

दुसरा अडथळा सीरियल नंबरचा. अर्जात विमानाचा, फ्लाइट कंट्रोल मॉड्यूलचा आणि रिमोटचा क्रमांक मागतात. घरी फोम कापून केलेल्या विमानाला कंपनीचा क्रमांक कुठून येणार? क्लबने आपली क्रमांकपद्धत ठरवावी, पुसला न जाणारा क्रमांक विमानाच्या पोटावर लिहावा आणि नोंदवहीत फोटोसह ठेवावा. रिसीव्हर (विमानात बसणारं, सिग्नल घेणारं यंत्र) आणि ट्रान्समीटर, म्हणजे रिमोट, यांवरच्या लेबलचे फोटो विमान जोडायच्या आधीच काढा. रिसीव्हर एकदा आत चिकटला की तो क्रमांक वाचायला विमान फोडावं लागतं. मॉड्यूल किंवा रिमोट बदलला तर नवा क्रमांक ७ दिवसांत आणि पुन्हा उडवण्याआधी पोर्टलवर टाका.

रिमोट २.४ गिगाहर्ट्झचाच घ्या. लांब पल्ल्याची ९१५ मेगाहर्ट्झची मॉड्यूलं ऑनलाइन सहज मिळतात, पण भारतात परवान्यातून मोकळी असलेली पट्टी ८६५ ते ८६८ ची आहे, ९१५ ची नाही.

पासपोर्ट नाही म्हणून पायलट सर्टिफिकेटचा अर्ज सोडून देणारे आजही भेटतात. सप्टेंबर २०२३ च्या दुरुस्तीनंतर मतदार कार्ड, रेशन कार्ड किंवा ड्रायव्हिंग लायसन्स चालतं.

संस्थेची नोंद

कर्नाटक संस्था नोंदणी कायदा १९६० प्रमाणे किमान सात सभासद लागतात. घटनापत्रात उद्देश ‘विमान मॉडेलिंगचं शिक्षण व विज्ञानप्रसार’ असा स्पष्ट लिहा. ‘हौस’, ‘मनोरंजन’ एवढंच लिहिलेलं परत येतं. सरकारी आश्रय सुचवणारं नाव घेऊ नका. बाकी कागद नेहमीचेच: ओळखपत्रं, फोटो, कार्यालयाच्या पत्त्याचा पुरावा. हेस्कॉमचं वीजबिल दुसऱ्याच्या नावावर असेल तर मालकाचं संमतीपत्र सोबत द्या.

नावांचा घोळ मात्र आपल्या भागाचं खास दुखणं आहे. शाळेचा दाखला मराठीत, आधारवर इंग्रजी आणि कन्नड, उताऱ्यावर कन्नड, आणि तिन्ही ठिकाणी आडनाव वेगळं. सात जणांच्या आधार कार्डावरचं स्पेलिंग जसंच्या तसं घटनापत्रात उतरवा, आणि जिथे फरक आहे तिथे एकाच व्यक्तीची दोन नावं असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच जोडा. तक्रारीचं निवेदन आपल्या भाषेत देण्याचा हक्क भारतीय राज्यघटनेच्या कलम ३५० ने दिलेला आहे आणि तो सोडू नये. तरीही नोंदणीचा अर्ज कन्नडमध्ये आणि सोबत मराठी प्रत, असं केलं तर टेबलावर पडून राहत नाही.

नोंद झाल्यावर लोक निवांत होतात आणि मग मुदत चुकते. हिशेबपत्रकं आणि कार्यकारिणीची यादी वार्षिक सभेनंतर १४ दिवसांत द्यायची असते. ३१ मार्चपासून १४ दिवस, किंवा ‘वर्षभरात कधीही’, असं धरणारे दोन्ही चुकतात. सभेची तारीख ठरवतानाच लेखापरीक्षकाकडून हिशेब तयार आहेत का बघा.

पोलीस ठाणं

ग्रीन झोनमध्ये पोलिसांची परवानगी नियमात नाही, पण कळवलेलं बरं. पत्राचा विषय ‘माहितीसाठी’ असा लिहा. ‘परवानगी मिळण्याबाबत’ लिहिलं की कागद वर जातो आणि तिथेच राहतो. शहर आयुक्तालय वेगळं आणि जिल्ह्याचे अधीक्षक वेगळे. काकती, मारिहाळ आयुक्तालयात येतात, खानापूर अधीक्षकांकडे. पोच शिक्का घ्या, छापील नकाशा आणि युआयएन यादीसह मैदानावर ठेवा. बीटवरचा पोलीस बदलला की तीच फाइल पुन्हा दाखवावी लागते.

विमा आणि मैदानाचे नियम

नॅनोच्या वरच्या प्रत्येक विमानाला तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे. विमा कंपनी युआयएन मागते, म्हणून क्रम आधी युआयएन मग विमा असाच ठेवा.

नियमावलीत फेलसेफची, म्हणजे रिमोटचा सिग्नल तुटला की मोटर आपोआप थांबते का याची, तपासणी लेखी घाला, कारण अपघातानंतर पहिला प्रश्न तोच येतो. प्रॉपेलर काढा, मोटर अर्ध्या थ्रॉटलवर चालवा, रिमोट बंद करा. मोटर लगेच थांबली पाहिजे. चालू राहिली तर रिसीव्हर रिमोटशी जोडताना (बाइंडिंग करताना) थ्रॉटलची काठी पूर्ण खाली नव्हती असं समजा आणि बाइंडिंग परत करा. मग रिमोटची ताकद मुद्दाम कमी करणाऱ्या रेंज मोडमध्ये ३० पावलं लांब जाऊन सगळे सर्व्हो (पंख-शेपटीचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरी) हलतात का बघा. तारीख, विमानाचा क्रमांक आणि तपासणाऱ्याची सही वहीत घ्या.

अपघात झाला तर ४८ तासांत पोर्टलवर कळवायचं. शेताच्या मालकालाही त्याच दिवशी स्वतः जाऊन सांगा, पिकाचं नुकसान झालं असेल तर जागेवरच भरून द्या.