उंच हँडल की रुंद हँडल? ट्राइकवाल्यांचा नेहमीचा घोळ

अमेरिकेत ज्यांनी आयुष्यभर दुचाकी चालवली आणि गुडघे कुरकुरायला लागल्यावर तीनचाकी मोटारसायकल, म्हणजे ट्राइक, घेतली, त्यांची पहिल्या महिन्यातली तक्रार ठरलेली असते. हँडल जड लागतं, वळणावळणाच्या रस्त्यावर खांदे भरून येतात. त्यावर मित्रांचा सल्लाही ठरलेला. उंच हँडल टाक, तरफ वाढेल, कमी जोरात वळेल.

उंच हँडल हवं तर खुशाल टाका, तरफ मात्र वाढत नाही.

घट्ट बसलेला स्क्रू आठवा. लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर आणला म्हणून तो सुटत नाही, जाड मुठीचा आणला तर सुटतो. मोटारसायकलचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा, असाच एका अक्षाभोवती फिरतो. त्या अक्षापासून तुमची ग्रिप बाजूला किती लांब आहे, एवढाच हिशेब. अक्षाच्या दिशेने हात वर नेणं म्हणजे स्क्रू ड्रायव्हर लांब करणं. रुंदी वाढवणं म्हणजे मूठ जाड करणं. 32 इंचांचं हँडल असेल तर अक्षापासून प्रत्येक हात 16 इंचांवर. 36 इंचांचं टाकलं तर 18 इंचांवर, म्हणजे तेवढ्याच जोरात साडेबारा टक्के जास्त पीळ. उंची 8 इंच असो नाहीतर 16, या गणितात ती येतच नाही.

मग उंच हँडल टाकणारा शपथेवर ‘हलकं झालं’ का सांगतो? कारण नवं हँडल बहुतेक वेळा रुंदही असतं आणि मागे ओढलेलंही. पाठ सरळ होते, मनगटावरचा भार जातो. एकदम तीन गोष्टी बदलल्या आणि श्रेय दिसायला सर्वांत मोठी होती तिला मिळालं. फार मागे ओढलेल्या हँडलचा वेगळाच त्रास असतो. वळवताना हात पुढे-मागे जाण्याऐवजी होडीच्या सुकाणूसारखे आडवे सरकतात आणि आतली ग्रिप मांडीला येऊन भिडते.

दुचाकीवर ही उंची खपून जाते. गाडी कलते, अंगावर येणारा जोर सीटमध्ये उतरतो आणि हँडलला हलका रेटा पुरतो. ट्राइक कलत नाही. मी एकदा शेजाऱ्यांची रिक्षा मोकळ्या मैदानात चालवून पाहिली होती. सवयीने अंग कलवलं, रिक्षा सरळच गेली, गटारापर्यंत. तीन चाकांवर हँडल प्रत्यक्ष वळवावं लागतं आणि वळण संपेपर्यंत धरून ठेवावं लागतं. वर अंग बाहेर फेकलं जातं ते निराळंच. हात खांद्याच्या पातळीला असले की माणूस सावरायला हँडललाच लोंबकळतो, आणि त्याला नको असलेला हिसका चाकाला बसतो. शिवाय हँडलच्या उंच नळ्या आणि ते जिथे बसवलेलं असतं तिथलं रबर थोडं लवतं. हात आधी हलतो, चाक मागून येतं.

रिक्षा स्टँडवर यू-टर्न घेणाऱ्याकडे बघा. हँडल पोटासमोर, कोपर अंगालगत, एक हात ओढतो, दुसरा रेटतो आणि स्वारी सीटवर हळूच आतल्या बाजूला सरकते. रिक्षाचं पुढचं चाक लहान आणि गाडी हलकी, त्यामुळे तुलना फार ताणू नये. पण हात कुठे असावेत हे तिथे छान दिसतं.

जडपणाचं खरं मूळ हँडलमध्ये नाहीच, ते ट्रेलमध्ये आहे. फोर्कचा अक्ष जमिनीला जिथे टेकेल त्याच्या मागे टायर जितक्या अंतरावर टेकतो, तो ट्रेल. वळणात टायरवर आडवा जोर आला की हेच अंतर चाकाला परत सरळ करू पाहतं. हार्ले-डेव्हिडसनच्या दुचाकी टूरिंग गाड्यांत ते साधारण 170 मिलिमीटर असतं. 2009च्या मॉडेलांत त्यांनी ट्राय ग्लाइड ही ट्राइक आणली, तेव्हा पुढची भूमिती बदलून ते 100च्या आसपास ठेवलं. चाळीस टक्क्यांची ही घट, त्यापुढे रुंद हँडलचे साडेबारा टक्के किरकोळच. ट्रेल कमी केला की कमी वेगात हँडल थरथरतं, म्हणून सोबत ती थरथर शोषणारा स्टिअरिंग डॅम्पर. दुचाकीला मागून दोन चाकं जोडून घेणाऱ्यांनी पैसे आधी फोर्कच्या या बदलावर घालावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

तरीही उंचच हवं असेल, कारण रुबाब हेही एक कारण असतंच, तर क्लचची केबल, ब्रेकची नळी आणि वायरिंग लांब करून घ्या. कायदाही बघा. उदाहरणार्थ, कॅलिफोर्नियात दुचाकीच्या सीटवर बसल्यावर हात खांद्यापेक्षा सहा इंचांहून वर जाता कामा नयेत. आणि विकत घेण्यापूर्वी, इंजिन बंद ठेवून, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. बाहेरच्या हाताचं कोपर ताठ झालं किंवा पाठ सीटवरून सुटली, तर ते हँडल तुमच्या मापाचं नाही.