‘आर’मधल्या फंक्शनचं माहेर

संख्याशास्त्र शिकवतो म्हटलं की लग्नकार्यात कुणीतरी हमखास विचारतं, ‘मग माझा लकी नंबर सांगा की!’ त्यांच्या डोक्यात अंकज्योतिष असतं. नावात एक ‘ए’ वाढवला की नशीब उघडतं म्हणणाऱ्यांचा तो धंदा. आमच्याकडे पुरावा लागतो. एका अक्षराने खरोखर काही घडल्याचं मला ठाऊक असलेलं उदाहरण एकच, ‘आर’ ही संख्याशास्त्रासाठीची संगणकभाषा.

रॉस इहाका न्यूझीलंडचे, जन्म १९५४. बर्कलीला डॉक्टरेट करून ऑकलंड विद्यापीठात शिकवू लागले. तिथे रॉबर्ट जेंटलमन भेटले. विद्यार्थ्यांच्या मॅकिंटॉश लॅबमध्ये चालेल असं बरं सॉफ्टवेअर मिळेना, तेव्हा १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला दोघांनी स्वतःच लिहायला घेतलं. बेल लॅब्समध्ये जॉन चेंबर्स मंडळींनी घडवलेली ‘एस’ भाषा होतीच. तिच्या धर्तीवरच्या या नव्या भाषेचं नाव पडलं ‘आर’. दोघांचं आद्याक्षरही तेच.

वरून ती ‘एस’सारखी, आतून मात्र ‘स्कीम’ या दुसऱ्या संगणकभाषेच्या वळणाची. इथे जरा रेंगाळतो.

समजा, ‘खातं उघड’ हे फंक्शन, म्हणजे नाव दिलेला सूचनांचा संच, लिहिलं. त्यात ‘शिल्लक’ हा आकडा आणि पोटात दुसरं छोटं फंक्शन, ‘जमा’. सखूचं खातं १०० रुपयांनी उघडलं, गणूचं ५००ने. ‘खातं उघड’चं काम संपलं. आता सखूच्या ‘जमा’ला २० रुपये दिले. त्याच्या स्वतःजवळ ‘शिल्लक’ नाही, शोधायची कुठे? ‘एस’मधलं फंक्शन थेट चावडीवर, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक जागेत जातं. तिथे भलत्याच कुणाची ‘शिल्लक’ पडलेली असेल, तर बिनदिक्कत तीच उचलतं. ‘आर’मधलं आधी माहेरी जातं, म्हणजे जिथे ते जन्मलं त्या परिसरात. ‘जमा’ आहे तोवर ते माहेर मोडत नाही. उत्तर १२०, गणूचे ५०० जागच्या जागी. याला लेक्सिकल स्कोपिंग म्हणतात. मात्र माहेरची शिल्लक बदलायला दुहेरी बाण (<<-) लागतो. एकेरी (<-) लिहिला तर नवी, तात्पुरती शिल्लक तयार होते आणि फंक्शन संपताच विरून जाते. मी यात अख्खी दुपार घालवली आहे.

झुरिकचे संख्याशास्त्रज्ञ मार्टिन मेख्लर यांनी आग्रह धरला आणि १९९५मध्ये ‘आर’ सगळ्यांसाठी खुलं, फुकट झालं. १.०.० ही आवृत्ती आली २९ फेब्रुवारी २०००ला.

पुढे २००८मध्ये खुद्द इहाकांनीच डंकन टेंपल लँग यांच्यासोबत मांडलं, की ‘आर’ला ठिगळं लावण्यापेक्षा नवी व्यवस्था लिस्प या जुन्या संगणकभाषेवर उभारावी. स्कीम ही लिस्पचीच लेक.